साहेबांना ऐकू जाईल

जावयाचे दोन्ही हात एकदम गेले ते ऑफिसच्या सुरक्षा सप्ताहात. आग लागल्यास जिन्यावरून शांतपणे कसं उतरावं, याचं प्रात्यक्षिक त्यानेच करून दाखवायचं होतं, आणि शेवटच्या काही पायऱ्या तो फारसा शांतपणे उतरला नाही. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. डाव्याच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना पट्टी बसली. उरलेल्या दोन बोटांत चमचा कसाबसा धरता येई, बाकी सगळा कारभार दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर. तो एका विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होता. पडल्यानंतर त्याने आपला दावा आपल्याच खात्यात दाखल केला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तो रीतसर विचाराधीन ठेवला. यात वैर काही नव्हतं. त्या खात्यात कुणाला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. नाही म्हटलं की माणूस भांडायला येतो. विचाराधीन म्हटलं की बिचारा घरी जाऊन वाट बघतो.

हीच पद्धत तो घरीही वापरत असे.

"आईला आता आपल्याकडेच आणू या का?" हे बायकोने पहिल्यांदा विचारलं त्याला बरेच महिने झाले होते. सासूबाई दुसऱ्या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. घर तिसऱ्या मजल्यावर, गुडघे कुरकुरणारे, आणि घरमालकाला पुढचा करार करायचा की नाही ते कळायला हवं होतं. जावई आधी म्हणाला, "बघू ना." मग म्हणाला, "नीट विचार करायला हवा." तिसऱ्यांदा "तू म्हणतेस ते बरोबरच आहे" असं म्हणून त्याने प्यायला पाणी मागितलं. बायकोने यावरून ताडलं, की याला माझी आई नको आहे.

ते खरं नव्हतं. सासूबाईंबद्दल त्याची काडीचीही तक्रार नव्हती. तक्रार असायला आधी बोलणं व्हावं लागतं. लग्न झाल्यापासून दोघांचं संभाषण म्हणजे, त्यांचा फोन आला की याने "हां आई, देतो हं" म्हणायचं आणि त्यांनी "हं" म्हणायचं. एवढ्यावर दोघांचे संबंध उत्तम टिकले होते.

प्रश्न खोलीचा होता. घरात तिसरी म्हणून एक लहानशी खोली होती. बिल्डरच्या नकाशात तिला कोठीची खोली म्हटलं होतं. बायको अलीकडे तिला 'आईची खोली' म्हणू लागली होती. जावई तिला काहीच म्हणत नसे. तो आत जाऊन दार लावून घेत असे. आत एक टीव्ही, एक गेमचं यंत्र, हातांवरचं कापड झिजलेली एक खुर्ची, आणि जिन्याकडे उघडणारी एक खिडकी. दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे आणि भिजलेल्या गोदामांचे फोटो बघून आला, की तो या खोलीत जाऊन बसे आणि जीव मुठीत धरून तासभर विश्रांती घेई.

गेम असा होता. ताऱ्यांच्या मधल्या ओसाडीत एक अवाढव्य मालवाहू यान बंद पडलेलं. सगळे कर्मचारी मेलेले, एक तंत्रज्ञ बाई तेवढी उरलेली. तिच्या हातात धड न चालणारा टॉर्च. आणि यानात एक प्राणी. भिजलेल्या रजईसारखा, करडा, जड, छताला चिकटून सरकणारा. त्याला डोळे नव्हते, तो फक्त ऐकायचा. जावयाने त्याला साहेब असं नाव दिलं होतं, कारण पावलांचा आवाज न करता मागे येऊन उभं राहण्याची कला त्याने ऑफिसात जवळून पाहिली होती.

यातली खरी मेख वेगळीच होती. कंट्रोलरमध्ये एक छोटा माइक होता आणि खेळणाऱ्याच्या खोलीतला आवाजही साहेबांना ऐकू जाई. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ होती. इथे कुणी खोकलं की तिकडे ती उसळे. इथे शिंक आली की तिकडे ती बाई संपलीच. साध्या खेळात हा माइक बंद करता येत असे. पण जावई खेळत होता तो 'एकच जीव' नावाचा प्रकार. त्यात सवलत नाही. मेलात की पहिल्यापासूनचा सगळा खेळ पुसला जातो. तो गेले कित्येक महिने मेला नव्हता. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत तो इतका टिकून राहिला नव्हता. इथे धोका होता, पण तो निदान विचाराधीन नव्हता, आणि हे त्याला फार आवडे.

हात मोडले तेव्हा खेळ अगदी शेवटच्या टप्प्यात, नेमका अर्ध्यावर थांबवलेला होता. यानात ठिकठिकाणी भिंतीत बसवलेली यंत्रं होती; तिथे पोचून नोंद केली तरच खेळ जतन होई. पुढचं यंत्र एकाच लांब बोळापलीकडे होतं. तोवर गेमचं यंत्र नुसतं झोपवून ठेवायचं, बंद करायचं नाही; मध्येच बंद पडलं तर 'एकच जीव'मध्ये तेही मरणच धरलं जाई. त्याचा लहानसा लाल दिवा तेवढा जळत होता.

त्याच आठवड्यात बायकोला प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जावं लागलं आणि हात नसलेल्या नवऱ्याची व्यवस्था म्हणून सासूबाई आल्या. जाताना बायकोने दोन कामं केली. एक, नवऱ्याचा फोन असा लावून दिला की घंटी वाजली की तो आपोआप उचलला जाईल आणि आवाज स्पीकरवर येईल. दोन, गेमच्या प्लगवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं : आई, याला हात लावू नकोस.

दुसरं काम फार महत्त्वाचं होतं. सासूबाई नोकरीभर मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा आणि उघडं टाकलेलं दार, या दोन गोष्टी त्यांना दिसल्या की हात आपोआप पुढे जाई. त्या आल्यापासून जावयाला अंधारात न्हाणीघर शोधावं लागत होतं. त्या लाल दिव्याकडे त्या रोज बघत आणि तोंड फिरवत. एकदा मात्र त्या खोलीच्या दारात उभ्या राहून बराच वेळ आत बघताना त्याला दिसल्या. आत आल्या नाहीत. खिडकीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि दार लोटून निघून गेल्या. जावयाने तेव्हा पेपरात डोकं घातलं. पान काही त्याला उलटता येत नव्हतं, त्यामुळे त्याने तीच बातमी पुन्हा वाचली.

रविवारी सकाळी लिफ्टमध्ये सूचना लागली : दुरुस्तीसाठी दुपारी दोन वाजल्यापासून वीज बंद.

जेवणं उरकल्यावर सासूबाई खोलीच्या दाराशी आल्या, तेव्हा जावई खुर्चीत मागे रेलून, जीभ दातांत धरून, पायाच्या अंगठ्याने कंट्रोलरचं बटण दाबत होता.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"काही नाही आई. जरा प्रयत्न."

"पायाने?"

"हात नाहीत ना."

सासूबाईंनी थोडा वेळ हा प्रकार पाहिला. पडद्यावर ती बाई भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत होती.

"तुमच्या शर्टाची बटणं मी लावते, भात मी कालवून देते. मग हे काय मोठंसं? काय करायचंय सांगा."

जावयाला नकार द्यायचा होता. तशी सवय नसल्यामुळे तो समजावून सांगू लागला. यान, बाई, एकच जीव, बोळापलीकडचं यंत्र, दोन वाजता जाणारी वीज. सासूबाईंनी मध्येच अडवलं नाही.

"म्हणजे दोन वाजता ही मरणार."

"मरणार म्हणजे, पुसली जाणार."

"ते आणखी वाईट. आणि त्या यंत्रापाशी नेली की वाचेल?"

"हो. पण मध्ये साहेब आहेत."

"कोण साहेब?"

तेवढ्यात छताच्या कडेने साहेब हळूच सरकून गेले. सासूबाईंनी चष्मा वर केला.

"शी! ही रजई कुणी अशी ओली टाकली?"

"हळू बोला आई. त्यांना ऐकू जातं."

"कुणाला, रजईला?"

हिरवी रेघ उसळलेली त्याने पायाने दाखवली. ती बघून सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. वसतिगृहात आवाज न करता फिरायचं कसं, हे त्यांना शिकवणारा अजून जन्मायचा होता.

त्या स्टुलावर बसल्या आणि कंट्रोलर दोन्ही हातांनी, चहाचा ट्रे धरावा तसा धरला. पहिला काही वेळ त्या बाईने भिंतींची कसून तपासणी केली. मग दोघांमध्ये आपोआप एक पद्धत ठरली. जावयाने प्लास्टरचा हात त्यांच्या उजव्या खांद्याला लावला की उजवीकडे, पट्टीचा हात डाव्या खांद्याला लावला की डावीकडे, पाठीला टेकवला की थांबा. बोलायची गरजच उरली नाही. हिरवी रेघ सपाट पडून राहिली. एरवी जेवणाच्या टेबलावर या दोघांमध्ये जी शांतता पसरे, तिच्यात चमच्याचा आवाजही जावयाला अपराधासारखा वाटे. आज तीच शांतता कामाला आली होती. इतक्या निःशब्दपणे तो एकटाही कधी खेळला नव्हता.

साहेब दूर गेल्यासारखे वाटले तेव्हा सासूबाई कुजबुजल्या, "हिच्या घरचे कुठे असतात?"

"दाखवलेले नाहीत."

"एवढ्या लांब नोकरीला पाठवली, आणि चौकशी कुणाची नाही."

बाई बोळाच्या दारातून आत गेली. सासूबाईंनी थांबून, वळून, दार ओढून घेतलं.

"उघडं राहू द्या आई," जावई कासावीस होऊन कुजबुजला. "मागे पळता येतं."

"दार उघडं टाकून मी कधी पुढे गेलेली नाही."

दार बंद होताना खट्‌ असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. पण बोळाच्या टोकाला छत हललं आणि लक्षात आलं, की ते छत नव्हतं. साहेब निघाले. मागे दार लागलेलं, पुढे साहेब, मध्ये भिंतीला एक लोखंडी कपाट. जावयाने प्लास्टरने सासूबाईंच्या उजव्या खांद्यावर टकटक केलं. बाई कपाटात शिरली आणि सासूबाईंनी, पुन्हा, दार ओढून घेतलं. या वेळी त्याची हरकत नव्हती. श्वास रोखायचं बटण त्याने आधीच दाखवून ठेवलं होतं; त्यांनी ते घट्ट दाबून धरलं आणि स्वतःचाही श्वास रोखला.

कपाटाच्या झडपांमधून फटीफटीने साहेब दिसत होते. ते बाहेर थांबले होते. त्यांचं सगळं अंग कानासारखं आत-बाहेर होत होतं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर एक विलक्षण भाव आला. हजेरीच्या वेळी कपाटात लपलेल्या कितीतरी मुली त्यांनी आयुष्यात बाहेर काढल्या होत्या. आतून कसं दिसतं, हे त्यांना आज कळत होतं.

साहेब वळू लागले. आणखी दोन श्वास, की ते गेलेच असते.

फोन वाजला.

फोन भिंतीतल्या उंच फळीवर चार्जिंगला होता. तो एकदाच वाजला आणि शहाण्यासारखा आपोआप उचलला गेला.

"हॅलो? ऐक, माझी गाडी सुटतेय," बायकोचा आवाज खोलीभर पसरला. हिरवी रेघ अर्ध्यावर चढली. साहेब थांबले. "आता घाटात रेंज जाईल. आईला ऐकू जायला नको, ती आत कपडे वाळत घालत असेल. तू फक्त हो की नाही एवढंच सांग."

जावई फोनकडे बघत राहिला. सासूबाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. पण बटणावरचं त्यांचं बोट पांढरं पडलं होतं.

"घरमालकाचा मला सारखा फोन येतोय. उद्या सकाळी तो आपल्याकडेच येणार, आईची सही घ्यायला. म्हणून आत्ताच विचारते, शेवटचं. आईला ती खोली द्यायची का? अरे, बोल ना!"

साहेब कपाटाच्या जवळ आले. झडपांच्या फटी एकेक करून करड्या होत गेल्या.

आयुष्यात जे कधी घडत नाही ते जावयाच्या समोर घडत होतं : गप्प बसण्याला सबळ कारण होतं. कुणीही तपासून पाहिलं असतं तरी त्याचा दावा मान्य झाला असता. अजून थोडं गप्प राहिलं की साहेब जातील, बाई यंत्रापाशी पोचेल, इतक्या महिन्यांची मेहनत वाचेल. आणि संध्याकाळी बायकोला शांतपणे सांगता येईल, की अगं, बोलता येण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

"बरं," बायको म्हणाली. आवाज एकदम कोरडा झाला होता. "गप्प बसलास म्हणजे नाही. मला कळलं. मी त्याला सांगते, करार पुढे चालू ठेवा."

जावयाला सासूबाईंची मान दिसत होती. मानेवरचा अंबाडा आणि त्यातून सुटलेल्या चार पांढऱ्या बटा. त्या जराही हलल्या नाहीत. नाही ऐकताना मान कशी स्थिर ठेवायची, याचीही त्यांना सवय असावी.

"हो," तो कुजबुजला.

"काय? काही ऐकू येत नाहीये."

"हो."

"अरे, मोठ्याने बोल!"

"हो!" जावई ओरडला. आता एकदा ओरडलोच आहोत तर, म्हणून तो पुढेही ओरडत राहिला. "हो म्हणतोय ना! येऊ देत! तीच खोली! आनंदाने!"

हिरवी रेघ लाल होऊन पडद्याच्या कडेला जाऊन आदळली. कपाटाचं दार एखाद्या कागदासारखं फाटलं. करडी रजई आत आली, सगळीकडे आली, आणि कुणीतरी मोठ्याने किंचाळलं. ती बाई किंचाळायच्या आधीच पडदा काळा झाला होता. किंचाळला होता जावई.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, की खेळ पुसला गेला आहे.

"गेलो का आपण?" सासूबाईंनी विचारलं.

"गेलो."

"सगळंच?"

"सगळंच."

"हॅलो? कोण ओरडलं? काय झालं तिकडे?" फोन म्हणाला.

"काही नाही गं," सासूबाई फळीकडे मान वर करून म्हणाल्या. "आम्ही दोघं बसलोय जरा."

"आई? म्हणजे तू ऐकलंस सगळं?"

"इथे साहेबांनी ऐकलं, मी काय बहिरी आहे?"

"कोण साहेब? त्याच्या ऑफिसातले आलेत घरी? आई, त्यांना चहा..." आणि घाट सुरू झाला.

खोलीत दोघंच उरली. आता रेघ नव्हती, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती, आणि म्हणूनच दोघांना काय बोलावं ते सुचेना. सासूबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, चष्मा काढून पदराने पुसला.

"तुमचं 'हो' फार महागात पडतं हो, जावईबापू. माणूस मेल्याशिवाय येत नाही."

"तसं नाही आई."

"तसंच आहे. पण आलं." त्यांनी चष्मा घातला. "श्वासाचं बटण मी सोडलेलं नव्हतं बरं का. माझ्याकडून चूक झाली नाही."

"नाही, नाही. ओरडलो मीच."

"दार लावलं ती चूक धरता येईल."

"धरता येईल," जावई म्हणाला, आणि आपण सासूबाईंना तोंडावर चूक म्हटलं, या जाणिवेने दचकला. त्यांना मात्र ते आवडलेलं दिसलं. त्या खोलीकडे नीट बघू लागल्या, या वेळी दारातून नव्हे, मधोमध बसून.

"लहान आहे."

"हो."

"त्या खिडकीत कपडे वाळायचे नाहीत."

"जिन्याकडे आहे ना ती. ऊन येत नाही."

"पलंग त्या भिंतीला लागेल. मग हा टीव्ही कुठे जाणार?"

"बघू," असं जावयाच्या तोंडाशी आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "तुम्हाला चालत असेल तर इथेच."

"मी अजून हो म्हटलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरमालक उद्या येतोय. तोवर तुमच्या ऑफिसात काय म्हणतात ते."

"विचाराधीन."

"हां. ते."

जावयाने मान डोलावली. त्या खात्यात इतकी वर्षं काढूनही तो शब्द घरात, समोरासमोर, आपल्यावर वापरला जाताना त्याने आज पहिल्यांदा ऐकला होता. तो अजिबात सुखाचा नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला एकदा फोन करावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

सासूबाई स्टुलावरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबल्या. "आता हे पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे कुठून?"

"ती झोपलेली असते. गजर वाजतो आणि ती उठते. तिला अजून काही माहीत नसतं."

"सगळे मेलेत हेही?"

"नाही."

"मग तेव्हापासून कुणीतरी सोबत असलेलं बरं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. रात्री नऊनंतर साहेबांना या खोलीत प्रवेश नाही. आणि आत येताना दारावर टकटक करायची. दोघांनीही, तुम्हीही आणि माझ्या मुलीनेही."

जावयाने लगेच, कसलाही विचार न करता, हो म्हटलं.

दोन वाजायला अजून अवकाश होता. पण वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सासूबाईंची नजर प्लगवरच्या चिकटपट्टीवर गेली, मग त्या लाल दिव्यावर, मग जावयावर.

"आता बंद करू ना?"

"करा."

त्यांनी खाली वाकून चिकटपट्टी एका टोकाने धरली, सावकाश सोलून काढली, तिची बारीक गोळी केली, आणि बटण दाबलं. आठवडाभर सहन केलेला तो लाल दिवा विझला. सासूबाई थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, खरंच विझला ना याची खात्री करत, आणि मग विचारलं, "चहा घ्याल का? वीज जायच्या आत पाणी भरून ठेवते, मग टाकते."